ब्रोच आधी उलटा करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शेजारच्या अमेरिकन आजी घर आवरून मुलाकडे राहायला गेल्या आणि जाताना कपाटातले अकरा ब्रोच तुमच्या ओंजळीत घालून गेल्या. दोनांच्या मागे ‘ट्रिफारी’ लिहिलंय, एकावर ‘कोरो’, बाकीचे बिननावाचे. तेव्हापासून तुम्हाला नाद लागलाय. आता महिन्याला शंभर डॉलर बाजूला काढायची तयारी आहे. तर कुठल्या कंपन्यांचे घ्यावेत, फसवणूक कशी टाळावी आणि पुढेमागे याचे पैसे होतील का, हे तुम्हाला हवंय.

जुन्या इमिटेशन दागिन्यांच्या कंपन्यांची यादी एका ओळीत होते. ट्रिफारी, कोरो, मिरियम हॅस्केल, आयझेनबर्ग, मार्सेल बूशे, श्रायनर, वाईस. पण नकली माल करणाऱ्यांकडेही हीच यादी असते, म्हणून तिचा तुम्हाला वाटतो तेवढा उपयोग नाही. तुमची खरी अडचण वेगळी आहे असं मला वाटतं. ब्रोच हातात आल्यावर कुठे बघायचं हे माहीत नाही, म्हणून नावाचा आधार हवासा वाटतो. तेव्हा मी त्याबद्दलच लिहिते.

आधी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या सांगून टाकते. तुम्ही घालायला घेणार की पेटीत ठेवायला? माल हातात घेऊन बघता येईल अशा बाजाराच्या जवळ राहता की सगळी खरेदी फोटोंवरून होणार? घालायला घेणाऱ्या बाईला एखादा बदललेला खडा चालतो, जमवणाऱ्याला तो खुपतो. फोटोवरून घेणार असाल तर पाठीमागचा फोटो न देणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. यावर माझी तडजोड नाही.

माझ्याबद्दल दोन वाक्यं, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलंय. माहेर हुपरीचं. घरात चांदीचं काम, त्यामुळे फुंकणी, कानस आणि डाग देणं (धातूचे सांधे वितळवून जोडणं) हे खेळण्यांसारखं बघत वाढले. लग्नानंतर अमेरिकेत ऱ्होड आयलंडला आले आणि गेली बावीस वर्षं जुन्या इमिटेशन दागिन्यांची दुरुस्ती करते. योगायोग असा की ही या धंद्याची पंढरीच निघाली. इथल्या प्रॉव्हिडन्स शहरात १७९० च्या दशकापासून हलक्या धातूवर सोन्याचा मुलामा चढवायचं काम चालत आलंय, आणि कोरोचा अवाढव्य कारखाना १९२९ मध्ये इथेच पॉइंट स्ट्रीटवर उभा राहिला. ज्यांच्या आजीने किंवा मावशीने कारखान्यात बसून खडे चिकटवलेत अशी माणसं मला अजून भेटतात. त्यांना या वस्तूंचं फारसं कौतुक नसतं. ‘ते होय, आमच्याकडे डबाभर पडलेत’ असं म्हणतात आणि डबा आणून देतात.

तर कोणी ब्रोच आणला की मी तो पांढऱ्या सुती फडक्यावर उपडा ठेवते. वरच्या बाजूने तो तुम्हाला भुलवण्यासाठीच केलेला असतो. पाठ करताना मात्र कारागिराला वाटलेलं असतं की इथे कोण बघणार. दहापटीचं भिंग घ्या, वीस डॉलरच्या आत मिळतं, आणि तीन गोष्टी या क्रमाने बघा: पिन अडकवायचा आकडा, धातू, खडे. नाव सगळ्यात शेवटी.

हे बघताना एक नियम लक्षात ठेवा. जुनी गोष्ट नव्या वस्तूत सहज सापडते, पण नवी गोष्ट जुन्या वस्तूत सापडू शकत नाही. पिन अडकवायचा नुसता ‘सी’ आकाराचा आकडा असेल तर ब्रोच शंभर वर्षांचा असेल किंवा स्वस्तातला परवाचाही असेल. त्यावरून काही ठरत नाही. पण फिरवून बंद होणारं बारीक कुलूप असेल आणि विकणारी ‘राणी व्हिक्टोरियाच्या काळातला’ म्हणत असेल, तर दोनच शक्यता: तिचा काळ चुकलाय किंवा आकडा नंतर बसवलाय. नंतर बसवला असेल तर भोवती डागाचा ओबडधोबड फुगवटा दिसतो. मूळ कामात तो सहसा नसतो.

हाच नियम खड्यांना लावा. तेलाच्या तवंगासारखे सप्तरंग चमकणारे खडे तुम्ही पाहिले असतील. त्यांना इकडे ‘अरोरा बोरियालिस’ म्हणतात. काचेवर धातूची वाफ बसवून केलेला हा लेप ऑस्ट्रियाच्या स्वारोव्स्कीने १९५०च्या दशकाच्या मध्याला ख्रिश्चन डिओरसाठी बाजारात आणला. म्हणजे असे खडे असलेला ब्रोच १९४० चा असूच शकत नाही. तरी दर आठवड्याला कोणीतरी तसा विकत असतंच.

नावाशेजारचं वर्तुळातलं ‘सी’ हे कॉपीराइटचं चिन्हही असंच आहे. यामागे एक खटला आहे. ट्रिफारीने नक्कल केल्याबद्दल शारेल नावाच्या कंपनीला कोर्टात खेचलं आणि १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयाने मान्य केलं की इमिटेशन दागिनाही कलाकृती ठरू शकतो, त्याला कॉपीराइट मिळू शकतो. आमच्या हुपरीत कोणी असा दावा केला असता तर पंचांनी चहा पाजून घरी पाठवलं असतं. त्याआधी कंपन्या नमुन्याचं पेटंट घेत, त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जाई. म्हणून ढोबळमानाने असं धरा की पेटंटचा आकडा दिसला तर बहुधा १९५५ च्या आधीचा आणि वर्तुळातलं ‘सी’ दिसलं तर नंतरचा. तुमच्या दोन ट्रिफारींवर हे चिन्ह आहे का ते आधी बघा.

पेटंटच्या आकड्यात एक खोच आहे, आणि तिथे मीही सुरुवातीला आपटले आहे. कोरोचा ‘ड्युएट’ म्हणून एक प्रकार आहे. दोन क्लिपा एका चौकटीत बसवून त्यांचा एक ब्रोच होतो. हव्या तेव्हा काढून गळ्याच्या दोन बाजूंना लावायच्या. त्याच्या मागे १७९८८६७ हा आकडा असतो. तो शोधला की १९३१ साल मिळतं आणि विकणारा खुशाल ‘१९३१ चा’ लिहून मोकळा होतो. पण ते पेटंट फक्त मागच्या यंत्रणेचं आहे. पुढे कितीतरी वर्षं हीच चौकट वापरली आणि वरची फुलं, घुबडं, पक्षी बदलत राहिले. वरच्या नमुन्याचं पेटंट वेगळं आणि त्याचा आकडा सहसा ब्रोचवर नसतो.

आता धातू, म्हणजे माझा जिव्हाळ्याचा विषय. तीसच्या दशकातले बरेच ब्रोच कथील आणि शिसं मिसळलेल्या पांढऱ्या धातूचे असतात. इथले लोक त्याला पॉट मेटल म्हणतात. हातात जड, पण आतून हळवा. मग महायुद्ध आलं. मलाया जपानच्या ताब्यात गेल्यावर कथील तुटलं आणि असेल ते लढाईकडे वळवलं गेलं. १९४२ पासून दागिन्यांना तो धातू मिळेना. चेक आणि ऑस्ट्रियन खडेही बंद. तेव्हा कंपन्या चांदीवर सोन्याचा मुलामा देऊन माल काढू लागल्या. म्हणून नावाशेजारी ‘स्टर्लिंग’ ही अस्सल चांदीची खूण असेल तर साधारण १९४२ ते १९४७ ही वर्षं मनात धरा. खडे कमी, धातूचा भाग मोठा, आणि प्राण्यांच्या पोटात ल्युसाइट या पारदर्शक प्लॅस्टिकचा गोळा. या ‘जेली बेली’ प्राण्यांसाठी विमानांच्या काचांचे टाकाऊ तुकडे वापरले अशी गोष्ट सांगतात. युद्ध संपल्यावर ट्रिफारीने पुन्हा हलका धातू घेतला आणि ग्राहकाला तो हलका वाटू नये म्हणून ‘ट्रायफेनियम’ असं भारदस्त नाव दिलं.

पॉट मेटलचा धडा मी हुपरीतच शिकले. तीसच्या दशकातला एक मासा होता, शेपटी तुटलेली. सुट्टीत गेले तेव्हा चुलतभावापुढे ठेवला. चांदीत हयात गेलेला माणूस, म्हणाला, दोन मिनिटांचं काम. ज्योत लावली आणि शेपटी जोडली जायच्या ऐवजी अख्खा मासा बसकण मारल्यासारखा खाली आला. कोळशावर एक चकचकीत थेंब आणि त्यात तरंगणारे चार हिरवे खडे. भाऊ बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, ‘अक्का, ह्यो धातू न्हवं, मेण हाय मेण.’ त्याची काही चूक नव्हती. चांदीचा डाग ज्या आचेवर वितळतो त्याच्या कितीतरी आधीच हा धातू पाणी होतो. तेव्हा तुमच्या ओळखीचा सोनार कितीही हुशार असला तरी ‘स्टर्लिंग’ लिहिलेलं नसलेला जुना ब्रोच त्याच्या हातात देऊ नका.

बिननावाच्या आठ ब्रोचना कमी लेखू नका. मिरियम हॅस्केलचंच बघा. बाई मूळच्या इंडियानातल्या. १९२६ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या मॅकअल्पिन हॉटेलात दुकान काढलं आणि फ्रँक हेस नावाचा डिझायनर हाताशी घेतला. चाळीसच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत त्यांच्या बहुतेक दागिन्यांवर नाव नसायचं. मग ओळखायचं कसं? पुढे नाचणीएवढे मोती, पितळी जाळीची पानं आणि जुन्या मंदिरातल्या समईसारखा मंद सोनेरी रंग. ब्रोच उलटा केला की भोकांच्या पत्र्यातून किंवा जाळीतून आलेले बारीक तारेचे टाके. एकेक मोती तारेने शिवलेला असतो, डिंकाने चिकटवलेला नसतो. गोधडीची पाठ आठवा, टाके वेडेवाकडे असतात पण एकही सुटलेला नसतो. असा एक ब्रोच मला चर्चच्या सेलमध्ये आठ डॉलरला मिळाला. टेबलावरच्या आजी म्हणाल्या, नाव नाही त्यावर, म्हणून स्वस्त. मीही पुढे काही बोलले नाही, आणि ते मला अजून थोडं बोचतं.

याच्या अगदी उलट ‘ज्युलियाना’चं आहे. डिलिझा अँड एल्स्टर ही कंपनी दुसऱ्यांना माल पुरवायची, तोही बिननावाचा. ज्युलियाना हे नाव साठच्या दशकात थोडा काळ कागदी चिठ्ठीवर होतं, एवढंच. पण आज ऑनलाइन कुठलाही भपकेबाज बिननावाचा ब्रोच ज्युलियाना म्हणून विकतात. या नावासाठी एक डॉलरही जास्त देऊ नका. ब्रोच आवडला तर ब्रोच म्हणून घ्या.

ट्रिफारीबद्दल मात्र माझा पक्षपात आहे, तो कबूल करते. १९३० ते १९६८ त्यांचा मुख्य डिझायनर होता आल्फ्रेड फिलिप. त्याआधी कार्टिए आणि व्हॅन क्लीफसाठी खऱ्या रत्नांचं काम केलेला माणूस. कार्टिएने विसाव्या शतकाच्या विशीत हिंदुस्थानात कोरलेले पाचू, माणकं आणि नीलम वापरून पानाफळांचे दागिने केले होते. फिलिपने तोच थाट साच्यातल्या रंगीत काचेत आणला. जमवणारे त्याला ‘फ्रूट सॅलड’ म्हणतात. म्हणजे आपल्याकडची पानं पॅरिसला गेली आणि तिथून न्यूयॉर्कला काचेची होऊन आली. माझ्याकडे त्यातली एक क्लिप आहे. लाल पानाची शीर भिंगाखाली बघितली की साचा करणाऱ्याने केवढा जीव ओतलाय ते कळतं. एवढ्या चांगल्या हाताने हलक्या धातूवर काम केलं म्हणूनच आयझेनहॉवरबाईंना १९५३ मध्ये नवरा अध्यक्ष झाल्याच्या समारंभात ट्रिफारीचे खोटे मोती घालून मिरवायला संकोच वाटला नाही.

नकली माल ओळखायचा कसा, हे मी पैसे मोजून शिकले. एका विक्रेत्याकडून ‘आयझेनबर्ग ओरिजिनल’ लिहिलेली मोठी फर क्लिप (फरच्या कोटात खोचायची) घेतली. फोटोत झकास दिसत होती. हातात आल्यावर काहीतरी खटकलं, पण काय ते कळेना. शेवटी मैत्रिणीकडची खरी क्लिप शेजारी ठेवून मोजली, तर माझी दोन मिलिमीटरने लहान. कारण साधं आहे. खऱ्या वस्तूवरून साचा घेऊन पुन्हा ओतलं की धातू थंड होताना आकसतो, आणि प्रत्येक नकलेत कडा थोड्या बोथट होत जातात. खड्यांना धरणाऱ्या नख्यांच्या जागी तिथे नुसते उंचवटे होते आणि खडे चिकटवलेले. मुलामाही सगळीकडे सारखाच म्हातारा दिसत होता. खरा मुलामा असा झिजत नाही. कापड घासतं तिथे उंचवट्यांवर आधी जातो, आणि खोबणीत शाबूत राहतो. नाव मात्र अगदी ठळक होतं. तेवढ्यावरच तर मी भुलले होते.

यासाठी पहिल्या महिन्याचे शंभर डॉलर कुठल्याही चांगल्या ब्रोचवर घालवू नका. मोडक्या दागिन्यांची पिशवी घ्या. इथे ती वजनावर मिळते. त्यातले आकडे, खडे, तुटलेल्या कडा भिंगाखाली बघा, एखादा खडा काढून परत बसवा. पन्नास पाठी बघितल्या की एक्कावन्नावी बोलायला लागते. शिवाय दुरुस्तीला जुने खडे याच पिशवीतून मिळतात. नवा खडा जुन्यांच्या रांगेत बसवला की कवळीतल्या एका नव्या दातासारखा चमकतो. तुम्ही न्यू जर्सीत आहात, तर मे, जुलै किंवा सप्टेंबरात मॅसॅच्युसेट्सच्या ब्रिमफील्डचा बाजार एकदा कराच. पाण्याची बाटली, भिंग आणि रोख पैसे. पहिल्या फेरीत फक्त हाताळा.

जपणुकीबद्दल थोडं. हे खडे म्हणजे मागे चंदेरी वर्ख असलेली काच. वर्खाखाली पाणी गेलं की खडा काळा पडतो, आमच्या भाषेत आंधळा होतो, आणि मग डोळा परत येत नाही. मी पहिल्याच वर्षी एक सुंदर निळा ब्रोच कोमट साबणपाण्यात घातला आणि रात्रीत त्याचे नऊ खडे घालवले. साफ करायच्या द्रवाचा फवारा थेट ब्रोचवर मारू नका. कापसाची काडी किंचित ओलसर करून वरवर फिरवा, लगेच कोरडं करा. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं तसा हिरवा थर कुठे दिसला तर तो ब्रोच आधी बाकीच्यांपासून वेगळा ठेवा. लाकडी दातकोरणीने खरवडा, राहिलेल्याला काडीवर थेंबभर व्हिनेगर, मात्र मोत्यांच्या आसपास नाही. खालचा मुलामा गेलेलाच असेल, तो येणार नाही. पावसाळ्यात भारतात नेणार असाल तर प्रत्येक ब्रोच वेगळ्या कापडात आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. कोकणात तर नेऊच नका असं माझं मत.

साडीवर लावायचं विचारलंय, कारण आजीच्या जुन्या फोटोत खांद्यावर ब्रोच बघितलाय. हौस बरोबर आहे, पण हे ब्रोच लोकरीच्या कोटांसाठी केलेले. पिन जाड असते. सुती किंवा खणाच्या ब्लाउजवर ठीक. रेशमावर लावायचाच असेल तर आतून फेल्टचा तुकडा ठेवा आणि वजन त्याच्यावर येऊ द्या. फर क्लिपचे दोन सुळे आणि ड्रेस क्लिपचे दात पैठणीच्या पदराजवळही आणू नका. जरीचा धागा एकदा ओढला गेला की झालं.

आणि पैसे. गुंतवणूक म्हणून विचाराल तर माझं उत्तर नाही असंच आहे. काही ब्रोचची किंमत वाढते, पण विकायला ग्राहक मिळेपर्यंत वर्ष निघून जातं. दुकानदाराला दिलात तर तो ज्या किमतीला विकणार त्याच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत देतो. त्याचंही चुकत नाही, त्यालाही भाडं आहे. फॅशन फिरली की तेच ब्रोच पेटीत पडून राहतात. विकून फायदा झालेले माझे व्यवहार बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि बहुतेक चर्चच्या सेलमधलेच. नंतर हळहळ वाटायला नको एवढीच रक्कम एका ब्रोचमध्ये घाला.

तुमच्या अकरांपैकी एकाबद्दल मला उत्सुकता आहे. कोरोच्या ब्रोचवर ‘दोन सारखी फुलं शेजारी शेजारी, मधे बारीक फट’ असं तुम्ही लिहिलंय. तो उलटा करून बघा. मागे पिनेची एक वेगळी चौकट आणि प्रत्येक फुलामागे उघडमीट होणारी क्लिप दिसली तर तो ड्युएट आहे. क्लिपा चौकटीतून निघतात, पण इतक्या वर्षांत आजींनी कदाचित एकदाही काढल्या नसतील. वर ओढू नका. चौकट एका हातात घट्ट धरा आणि क्लिप खाचेच्या दिशेने अलगद सरकवा. सरकली नाही तर थांबा आणि मला पाठीचा फोटो पाठवा, उजेड बाजूने पडेल असा.